एका खेळाची अपकीर्ति

जगांतील अत्यंत वाईट व्हिडिओ गेम कोणता, असा प्रश्न या विषयाच्या जाणत्यांस केला तर बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येतें: १९८२ सालच्या नाताळांत अटारी कंपनीनें विक्रीस काढलेला ‘ई. टी.’. एवढ्यावरच हें थांबत नाहीं. या एका खेळानें अटारी बुडाली, अटारीबरोबर अमेरिकेंतील तो सबंध धंदा बुडाला, आणि न खपलेले लाखों नग कंपनीनें लाजेनें वाळवंटांत नेऊन पुरले, अशी पुरवणीही त्यास जोडलेली असते. गोष्ट मोठी रंगतदार आहे, आणि रंगतदार गोष्टींचें होतें तेंच हिचें झालें: ती सांगणारे पुष्कळ मिळाले, तपासणारे थोडे. हा खेळ चांगला होता असें आम्हांस सिद्ध करावयाचें नाहीं. तो चांगला नव्हताच. पण तो वाईट कां झाला हा एक प्रश्न, आणि त्याच्यामुळें धंदा बुडाला काय हा दुसरा. हे दोन प्रश्न लोकांनीं एकमेकांत इतके कालविले आहेत कीं ते वेगळे काढून पाहणें जरूर आहे. शिवाय त्यांत एका कारागिराच्या नांवाचा संबंध येतो, म्हणून तर विशेषच जरूर.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट ११ जून १९८२ रोजीं अमेरिकेंत लागला. परग्रहावरून आलेला एक जीव सोबत्यांपासून चुकून पृथ्वीवर मागें राहतो. एलियट नांवाचा दहा वर्षांचा मुलगा त्याला आपल्या घरांत लपवून ठेवतो. आणि शेवटीं तो जीव आपल्या लोकांना निरोप धाडून स्वगृहीं परततो, एवढेंच कथानक. (सत्यजित राय यांनीं १९६७ च्या सुमारास ‘द एलियन’ नांवाची पटकथा लिहिली होती, आणि तिच्या प्रती अमेरिकेंत फिरल्या नसत्या तर ‘ई. टी.’ निर्माण होणें शक्य नव्हतें, असें त्यांचें म्हणणें होतें. स्पीलबर्ग यांनीं तें नाकारलें. तो वाद येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं.) चित्रपटानें ‘स्टार वॉर्स’ला मागें टाकलें, आणि उत्पन्नाच्या बाबतींतील हा पहिला मान पुढें १९९३ मध्यें स्पीलबर्ग यांच्याच ‘जुरासिक पार्क’नें हिरावून घेईपर्यंत त्याच्याकडेच राहिला. येथें लक्षांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, ‘स्टार वॉर्स’मध्यें विमानें आहेत, लढाया आहेत, नेम धरून मारण्यासारखें कांहींतरी आहे, ‘ई. टी.’मध्यें यांपैकीं कांहींच नाहीं. घरची ओढ आणि एका मुलाचा लळा, यांवर तो चित्रपट उभा आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणारी ही सामग्री खेळ रचणाराच्या हातीं दिली तर त्यानें तिचें काय करावें?

आतां अटारीकडे वळूं. नोलन बुशनेल व टेड डॅबनी या दोघांनीं १९७२ मध्यें ही कंपनी काढली आणि १९७६ मध्यें वॉर्नर कम्युनिकेशन्स या मोठ्या पेढीनें ती २ कोटी ८० लाख डॉलरांस विकत घेतली. १९७७ मध्यें अटारीनें घरच्या दूरदर्शन संचास जोडावयाचें एक खेळयंत्र काढलें. तेंच पुढें ‘२६००’ या नांवानें प्रसिद्ध झालें. खेळ बदलावयाचा म्हणजे यंत्राच्या खांचेंतील एक डबी काढून दुसरी बसवावयाची. आपल्याकडे पुढें अशीं यंत्रें मध्यम वर्गाच्या घरांत आलीं तेव्हां मुलें या डबीला ‘कॅसेट’ म्हणूं लागलीं. शास्त्रदृष्ट्या तो शब्द बरोबर नसला तरी आम्हीही येथें तोच वापरतों. १९८० मध्यें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळाची कॅसेट निघाली आणि तेव्हांपासून अटारीच्या घरीं लक्ष्मी पाणी भरूं लागली. १९८२ सालीं कंपनीची विक्री दोन अब्ज डॉलरांच्या घरांत गेली, आणि वॉर्नरच्या एकंदर नफ्याचा अर्ध्याहून अधिक भाग या एका पोटकंपनीकडून येऊं लागला. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. एखाद्या घराचा सारा संसार ज्या मुलाच्या मिळकतीवर चालतो, त्या मुलाला आजारी पडण्याची सवड नसते.

आणि खुद्द खेळ रचणाऱ्यांची स्थिति काय होती? कॅसेटीवर कंपनीचें नांव असे, रचनाकाराचें नसे. वॉरन रॉबिनेट नांवाच्या एका रचनाकारानें ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या खेळांत एक गुप्त खोली ठेवून तींत स्वतःचें नांव लपविलें होतें; चित्रकारानें चित्राच्या कोंपऱ्यांत सही करावी, तितकी साधी ही इच्छा, पण तिच्यासाठीं चोरवाट काढावी लागली. मान नाहीं आणि खपाच्या प्रमाणांत मोबदलाही नाहीं, म्हणून चार उत्तम रचनाकार १९७९ मध्यें बाहेर पडले व त्यांनीं ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी काढून अटारीच्याच यंत्रासाठीं खेळ विकण्यास आरंभ केला. अटारीनें दावा लावला. तो १९८२ मध्यें तडजोडीनें मिटला. या तडजोडीचा परिणाम पुढें सांगूं.

जुलै १९८२ च्या अखेरीस वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनीं ‘ई. टी.’वरून खेळ करण्याचे हक्क मिळविले. त्यासाठीं दोन ते अडीच कोटी डॉलर मोजले असें सर्वत्र सांगितलें जातें. अटारीचे प्रमुख रे कासार यांना ही कल्पना पसंत नव्हती, असें त्यांनीं पुढें सांगितलें. पण करार झाला होता. नाताळांत माल दुकानांत हवा, म्हणजे कॅसेटींतील चकत्या तयार होण्यास लागणारा काळ मागें मोजीत गेलें तर १ सप्टेंबरपर्यंत खेळ पुरा झाला पाहिजे. एरव्हीं एका खेळास पांच-सहा महिने लागत. येथें हातीं पांच आठवडे होते.

हें काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्याकडे आलें. ‘यार्स रिव्हेंज’ हा त्यांचा पहिला खेळ त्या यंत्रावरील उत्कृष्ट खेळांत आजही गणला जातो; स्पीलबर्ग यांच्याच ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटावरील खेळही त्यांनींच रचला होता. कासार यांचा दूरध्वनि आला, त्यांनीं होकार दिला, आणि दोन दिवसांच्या आंत खेळाचा आराखडा घेऊन ते स्पीलबर्ग यांच्यासमोर उभे राहिले. आराखडा ऐकून स्पीलबर्ग यांनीं सुचविलें कीं, ‘पॅक-मॅन’सारखें कांहीं साधें करतां येणार नाहीं काय? वॉरशॉ यांना तें रुचलें नाहीं. चित्रपट अपूर्व आहे, तर खेळही अपूर्व हवा, अशी त्यांची धारणा होती. घरीं एक यंत्र आणवून ते रात्रंदिवस कामास लागले.

ज्या यंत्रावर हें करावयाचें होतें त्याची ऐपत किती? चालू खेळाची हालहवाल लक्षांत ठेवण्यासाठीं त्यांत अवघ्या १२८ बाइटांची जागा होती. हल्लींच्या संगणकांत मराठी मजकूर ज्या पद्धतीनें सांठवितात तिनें या जागेंत चाळीस-बेचाळीस अक्षरचिन्हें मावतील. म्हणजे या परिच्छेदांतील पहिलें वाक्यही धडपणें मावणार नाहीं. कॅसेटींतील जागा ८ किलोबाइट. तींत प्रस्तुत लेखाचा चौथा हिस्साही बसणार नाहीं. पडद्यावर स्वतंत्रपणें हलणाऱ्या वस्तु पांचच: दोन आकृति, दोन गोळ्या आणि एक चेंडू. सबंध चित्र एकदम तयार ठेवण्यास जागा नसल्यामुळें पडद्यावरील एकेक आडवी रेघ जशी उमटत जाई तशी तिची सामग्री रचनाकाराला त्या क्षणीं पुरवावी लागे. रांगोळी काढणाराच्या बोटापुढें कोणी धांवत रंग ठेवीत जावे, असा हा प्रकार. अशा यंत्रावर चित्रपटांतील करुणरस उतरवावयाचा!

वॉरशॉ यांची योजना अशी: परग्रहवासी ई. टी. यानें रानांतून व शहरांतून हिंडून दूरध्वनियंत्राचे तीन तुकडे गोळा करावयाचे. ते तुकडे खड्ड्यांत दडविलेले आहेत. वाटेंत गोळ्या सांपडतात. त्या खाल्ल्या तर शक्ति वाढते, आणि नऊ जमवून एलियटला दिल्या तर तो एक तुकडा आणून देतो. एक सरकारी हेर मिळविलेला तुकडा हिसकावून घेतो, एक शास्त्रज्ञ ई. टी. ला उचलून वॉशिंग्टनला नेतो. आरंभीं ९९९९ इतकी शक्ति असते आणि प्रत्येक पावलागणिक ती घटत जाते. तीन तुकडे जुळले म्हणजे योग्य जागीं उभें राहून निरोप धाडावयाचा आणि विमान येईल त्या वेळीं वनांतील ठराविक ठिकाणीं हजर असावयाचें. कागदावर हें वाचतांना कोणीही मान डोलवील. मारामारी नाहीं, परक्या मुलुखांत एकटें पडल्याची हुरहुर आहे, शक्ति संपत आल्याची घाई आहे, मित्र आहे. चित्रपटाचा आत्मा या रचनेंत पुष्कळसा उतरला आहे असें आमचें मत आहे. एवढेंच नव्हे, त्या सहा पडद्यांची मांडणीही त्यांनीं घनाकृतीच्या सहा बाजूंप्रमाणें केली होती. एका बाजूनें बाहेर पडलें कीं भलत्याच बाजूवर माणूस निघे.

आणि येथेंच घात झाला. आकृतीचा पाय खड्ड्याच्या काठापासून दूर असला तरी डोक्याचा एखादा ठिपका खड्ड्यास लागला कीं ई. टी. आंत पडे. मान उंचावून तरंगत वर यावें, आणि वर येतांच बोट जरा चुकीच्या दिशेला गेलें कीं पुन्हां त्याच खड्ड्यांत पडावें. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जातांना पाय ठेवतांक्षणींच खड्डा. पडद्याच्या वरच्या कडेस ज्या खुणा उमटत त्यांवरून कोणत्या जागीं कोणती शक्ति वापरतां येईल हें कळे. परंतु त्या खुणांचा अर्थ बरोबरच्या पुस्तिकेंत दिलेला, आणि नाताळच्या सकाळीं भेटीचा कागद फाडणारें आठ वर्षांचें मूल पुस्तिका वाचीत बसत नाहीं. त्याला एवढेंच दिसलें कीं, आपण चालतों आणि पडतों, चढतों आणि पडतों. वॉरशॉ यांनीं स्वतः पुढें यांतलें मर्म नेमकें सांगितलें आहे: खेळणाराला जेरीस आणलें तर चालतें, पण आपण कोठें आहों व हें असें कां झालें हेंच त्याला कळेनासें करूं नये. चार मुलांच्या हातीं खेळ देऊन पाहिला असता तर हा दोष पहिल्या तासांत उघड झाला असता, आणि तो दूर करणेंही अवघड नव्हतें. पण तसें पाहण्यास वेळच ठेवला नव्हता. साधा खेळ करण्याची स्पीलबर्ग यांची सूचना मानली असती तर कदाचित् निभावलें असतें. तथापि पांच आठवड्यांत नवें कांहीं करूं पाहणाऱ्या माणसाला दोष द्यावा, कीं पांचच आठवडे देणाऱ्या हिशेबाला, याविषयीं आम्हांस तरी शंका वाटत नाहीं. खेळ रचण्याच्या आधींच तो विकला गेला होता. पुढें जें झालें तें नुसतें त्या विक्रीचें बिल फेडणें होतें.

आतां धंदा बुडाल्याची कथा. ‘ई. टी.’ नाताळच्या बाजारांत खपला नाहीं असें नाहीं. पंधरा लाखांहून अधिक नग गेले, आणि कोणत्याही दुसऱ्या खेळाला हा खप भूषण ठरला असता. मात्र कंपनीनें चाळीस लाखांच्या आसपास नग काढून ठेवले होते असें सांगतात, आणि हक्कांसाठीं मोजलेली रक्कम वेगळीच. म्हणजे तोटा झाला हें खरें. पण तारखा पाहाव्या. ७ डिसेंबर १९८२ रोजीं वॉर्नरनें जाहीर केलें कीं, वर्षाचा नफा पन्नास टक्क्यांनीं वाढेल अशी जी अपेक्षा होती ती चुकली, वाढ दहा ते पंधरा टक्केच होईल. दुसऱ्या दिवशीं वॉर्नरच्या शेअरचा भाव सुमारें एकतृतीयांशानें कोसळला. (या घोषणेच्या तेवीस मिनिटें आधीं कासार यांनीं आपले पांच हजार शेअर विकले होते. सरकारी चौकशी झाली. दोष मान्य न करितां त्यांनीं नफा परत केला, आणि जुलै १९८३ मध्यें ते कंपनींतून गेले.) ‘ई. टी.’ त्या वेळीं दुकानांत नुकता कोठें पोंचला होता. जो खेळ लोकांनीं अद्याप पुरता खेळलाही नव्हता त्यानें महिनोगणती आधींच्या मागण्या कशा रद्द करविल्या?

खरीं कारणें अगोदरचीं आहेत. मागल्या वर्षीं माल अपुरा पडला म्हणून ऑक्टोबर १९८१ मध्यें अटारीनें व्यापाऱ्यांकडून पुढल्या सबंध सालच्या मागण्या आधींच लिहून घेतल्या. मागितलेलें सारें मिळत नाहीं या अनुभवानें व्यापाऱ्यांनीं गरजेपेक्षां अधिक मागितलें, आणि या वेळीं सारें मिळालें. मार्च १९८२ मध्यें आलेली ‘पॅक-मॅन’ची कॅसेट सत्तर लाखांच्या आसपास खपली, पण दुकानांतल्या मूळ खेळाशीं ताडून पाहणाऱ्या मुलांची तिनें इतकी निराशा केली कीं अटारीच्या नांवावरील विश्वास तेथेंच अर्धा उडाला. तशांत ॲक्टिव्हिजनशीं झालेल्या तडजोडीनें सर्वांनाच वाट मोकळी झाली. कोणीही उठावें व अटारीच्या यंत्रासाठीं कॅसेट काढावी. न्याहारीचा ओट विकणाऱ्या क्वेकर ओट्सनेंही या धंद्यांत उडी घेतली, आणि कुत्र्यांचें खाद्य विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीवरून सुद्धां एक खेळ निघाला. या नवशिक्या कंपन्या मोडल्या तेव्हां त्यांचा माल मिळेल त्या भावानें विकावा लागला. तीस-चाळीस डॉलरांच्या नव्या कॅसेटीशेजारीं टोपलींत पांच डॉलरांच्या कॅसेटी पडलेल्या असतां कोणता बाप महाग कॅसेट घेईल? त्यांत घरगुती संगणकांच्या किंमतीही उतरल्या. १९८३ मध्यें अटारीला पन्नास कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला, जुलै १९८४ मध्यें वॉर्नरनें तिचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमियल यांस देऊन टाकला, आणि अमेरिकेंतील हा बाजार तीन अब्ज डॉलरांवरून दोन वर्षांत दहा कोटींपर्यंत आटला. तो पुन्हां भरला तो जपानच्या निंटेंडोनें १९८५ मध्यें आपलें यंत्र आणल्यावर. आणि निंटेंडोनें परवान्यावांचून कोणाची कॅसेट यंत्रांत चालूंच नये अशी कुलपाची तजवीज केली होती. अटारीच्या पडझडीचें मूळ कशांत आहे हें तिला अचूक कळलें होतें.

पण लोकांना कुलूप आणि मागणीपत्रकें आठवत नाहींत. त्यांना खड्ड्यांत पडणारा ई. टी. आठवतो. दंतकथेला उरलेला आधार दुसऱ्या एका खड्ड्यानें पुरविला. सप्टेंबर १९८३ मध्यें टेक्सासमधील एल पासो येथील अटारीच्या कारखान्यांतून मालमोटारी भरून कॅसेटी व यंत्रें सुमारें १४० किलोमीटर दूर, न्यू मेक्सिकोंतील आलमोगोर्डो गांवच्या कचराभूमींत नेऊन टाकण्यांत आलीं. (१९४५ मध्यें पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली ती याच प्रदेशांतील वाळवंटांत.) ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २८ सप्टेंबरच्या अंकांत चौदा मोटारी माल पुरल्याचें वृत्त दिलें. गांवचीं पोरें कॅसेटी उकरून नेऊं लागलीं, तेव्हां वरून काँक्रीट ओतलें. कंपनीनें फारसें कांहीं सांगितलें नाहीं, आणि न सांगितलेली जागा लोकांनीं आपल्या मतीनें भरून काढली: पुरलें तें सारें ‘ई. टी.’च. तीस वर्षें हें चाललें. पुरलेंच नाहीं असें म्हणणाराही एक पक्ष निघाला. वॉरशॉ यांनीं अटारी सोडल्यावर पुढें मानसोपचाराचा अभ्यास करून तो व्यवसाय पत्करला. पण त्यांच्या नांवापुढें ‘जगांतील सर्वांत वाईट खेळाचे कर्ते’ ही बिरुदावली कायमची लागली. ज्या कंपनीनें कॅसेटीवर रचनाकाराचें नांव घालण्याचें टाळलें, तिच्या अपयशाच्या वेळीं मात्र नांव बरोबर सांपडलें.

२६ एप्रिल २०१४ रोजीं तो खड्डा उघडण्यांत आला. झॅक पेन हे या विषयावर एक माहितीपट तयार करीत होते. त्या काळीं तेथें कचऱ्याचें काम पाहणारे जो लेवांडोवस्की यांनीं जुन्या छायाचित्रांवरून जागा मुक्रर केली. पुराणवस्तुसंशोधकांचें एक पथक यादी करण्यास हजर होतें. वारा सुटून धूळ उडत होती, तरी शेंकडों लोक पाहण्यास जमले होते, आणि त्यांत वॉरशॉही होते. मातींतून पहिली ‘ई. टी.’ची कॅसेट वर आली तेव्हां त्यांचे डोळे भरून आले. पुरण्याचें काम ज्यांच्या देखरेखीखालीं झालें ते अटारीचे माजी अधिकारी जेम्स हेलर यांनीं तेथेंच सांगितलें कीं, आंत एकंदर ७,२८,००० कॅसेटी आहेत. वर काढल्या त्या सुमारें १,३००. त्यांची मोजदाद झाली तेव्हां ‘ई. टी.’च्या कॅसेटी दहांत एक या प्रमाणांत निघाल्या. बाकीच्यांत ‘सेंटिपीड’ होता, ‘पॅक-मॅन’ होता, ‘स्पेस इन्व्हेडर्स’ होता. ज्या खेळांनीं कंपनीला लक्ष्मी आणून दिली तेच खेळ कुप्रसिद्ध खेळाच्या मांडीला मांडी लावून पडले होते. तेव्हां ती एका खेळाची लाजेनें केलेली मूठमाती नव्हती. परत आलेल्या व पडून राहिलेल्या मालाचें कोठार रिकामें करणें होतें.

त्यांतील एक ‘ई. टी.’ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयास गेली. आठशेंहून अधिक कॅसेटी आलमोगोर्डोच्या नगरपालिकेनें लिलावांत काढल्या, आणि त्यांवर लाखाच्या वर डॉलर मिळाले. मळलेल्या, चेपलेल्या ‘ई. टी.’साठीं लोकांनीं नव्या कॅसेटीच्या मूळ किंमतीच्या कितीतरी पट दाम मोजलें. उरलेला साठा होता तेथेंच ठेवून खड्डा पुन्हां बुजविण्यांत आला.